चार नंबरचा नमुना

मी चार नंबर बोलतोय. अर्धाच उरलोय, पण आवाज पूर्ण आहे!

माझं दुसरं अर्ध अंग ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, एका फाइलच्या आतल्या पानावर चिकटवलेलं आहे. १९९१ सालच्या दिवाळीआधी आठवडाभर, डोंबिवलीच्या एका तपासणीशाळेत मला दोन्ही टोकांना धरून ओढलं आणि मधोमध तोडलं. मी तुटलो तेव्हा एक बाई रडली, एका माणसाने टोपी काढून घाम पुसला आणि एका साहेबाने चक्क टाळी वाजवली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा क्षण!

मोडण्यात कसला आला आनंद, असं वाटेल तुम्हाला. अहो, माझा जन्मच त्यासाठी झालेला. कार्बनच्या धाग्यांच्या शीटमधून कामाचे भाग कापतात, तेव्हा त्याच शीटच्या पाच पट्ट्या बाजूला काढतात. त्यांना म्हणायचं नमुने. आम्ही किती ताण सोसून मग तुटतो, त्यावरून आमच्या भावंडांची लायकी ठरते. नमुना न तुटता राहिला तर त्याचं आयुष्य फुकट गेलं म्हणा.

सुरुवातीला मी कापड होतो. काळंभोर, राळेने चिकट झालेलं कापड. परदेशातून खोक्यात बर्फ भरून मला आणलं आणि वागळे इस्टेटमधल्या आनंदशेठच्या कारखान्यात आल्या आल्या डीप फ्रीजरमध्ये ठेवलं. बाहेर उकाड्यात राहिलो असतो तर राळ आपोआप घट्ट होऊन मी वाया गेलो असतो. तो फ्रीजर लक्षात ठेवा. पुढे त्यानेच सगळ्यांची लाज राखली.

कारखान्यात दोन माणसांशी माझं सूत जमलं. एक शीला. वर्तकनगरच्या कॉलनीत राहणारी पंचविशीतली इंजिनिअर, चालताना सुद्धा घाईत. तिने मला कापून आठ थर एकावर एक रचले, काहींचे धागे उभे, काहींचे आडवे, काहींचे तिरपे. मग गरम प्रेसमध्ये दाबून तीन तासांत माझी दोन मिलिमीटर जाडीची शीट केली. बाहेर आलो तो असा कडक आणि चकचकीत, की शीला मला नखाने टकटक वाजवून स्वतःशीच हसली.

दुसरे परशुराम. कोपरीजवळच्या कोळीवाड्यात राहणारे, तीस वर्षं लेथ आणि मिलिंगवर काढलेले, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. खाडीतली मासळी कमी झाली म्हणून वडिलांच्या होडीवरून उतरून ते कारखान्यात आले, पण सुट्टीच्या दिवशी अजून ओट्यावर बसून जाळी विणायचे. त्यांच्या बोटांना लोखंडाची सवय होती तशीच दोऱ्याचीही.

आणि मला कापणं म्हणजे खायचं काम नव्हतं बरं का! साधं पातं माझ्यावर दोन फुटांत बोथट व्हायचं. कडेचे धागे पिंजून निघायचे, थर सुटायचे, काळ्या धुळीने अंगभर खाज सुटायची. पहिल्या महिन्यात परशुरामांनी चार शीट खराब केल्या. आनंदशेठ केबिनमधून बघायचे आणि वाया गेलेल्या शीट मोजून आत जायचे. ते मोजणंच परशुरामांना जास्त लागायचं.

मग एक दिवस ते शीटकडे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "शीलाबाय, हा लोखंड नाय. ही होडीची फली हाय. फलीला भोक पारताना पाठीमागं दुसरी फली धरतात, नायतर पलीकडनं चिरफल्या उरतात."

त्यांनी माझ्याखाली टाकाऊ प्लायवुड घट्ट बांधलं, हिऱ्याच्या कणांची चकती लावली आणि वर पाण्याची धार सोडली. फक्त पाणी. तेलाचा थेंब नाही, कारण शीलाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की यंत्राच्या जबड्यांना पकड मिळावी म्हणून आमच्या टोकांना पुढे धरपट्ट्या चिकटवायच्या असतात आणि तेलकट अंगाला गोंद धरत नाही. चकती अशी सरळ गेली की मलाच कळलं नाही मी शीटपासून कधी वेगळा झालो.

मग आली त्यांची खास परीक्षा. परशुरामांनी खिशातून जाळ्याचा बारीक नायलॉनचा दोरा काढला आणि माझ्या कडेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. एखादा धागा जरी वर आलेला असेल तर दोरा तिथे अडकतो. तीन ठिकाणी अडकला. त्यांनी बारीक पॉलिश पेपर घेऊन पुन्हा घासलं, पुन्हा दोरा ओढला. या वेळी एकदाच अडकला. तिसऱ्यांदा दोरा सुळकन गेला, आणि ते एवढंच म्हणाले, "झाला."

मी फुगलो हो! दहा इंच लांब, एक इंच रुंद, आणि पांढऱ्या रंगाने अंगावर लिहिलेला आकडा, चार.

हे सगळं कशासाठी, ते सांगायचं राहिलंच. पोलिओ झालेल्या मुलांच्या पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर लावतात. ते इतके जड की मूल चालायला कंटाळतं. त्याऐवजी आमच्यासारख्या हलक्या पट्ट्या लावायच्या होत्या. सहाशे पट्ट्यांची ऑर्डर होती. पण ज्यांची ऑर्डर, त्यांचे तपासणीसाहेब भारी संशयी. ते परशुरामांच्या समोरच आनंदशेठना म्हणाले होते, "शीट तुमची चांगली आहे. पण कापायला लेथवाला? यांचे हात जन्मभर तेलात. पाच नमुने तोडून दाखवा. प्रत्येकाने अडीच टनांच्या वर ताण घेतला पाहिजे. नाहीतर तुम्ही फक्त शीट द्या, कापायला आम्ही बाहेर देऊ."

"मग परशुराम?" शीलाने विचारलं.

"बसतील स्टोअरला," आनंदशेठ खाली बघत म्हणाले.

परशुराम तिथेच उभे होते. त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. तीस वर्षं ज्या हातांनी काम केलं, त्या हातांच्या बाजूने आता आम्हा पाच जणांना साक्ष द्यायची होती. मला तर कधी एकदा डोंबिवलीला जातो आणि तुटून दाखवतो असं झालं!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात पूजा होती. शीलाने सकाळीच आमची टोकं घासून, रसायनाने पुसून आम्हाला कोऱ्या कागदात गुंडाळून टेबलावर ठेवलं होतं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी धरपट्ट्या चिकटवायच्या, असं ठरलं होतं. दुपारी कामगारांच्या घरची मंडळी आली. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला माळ, प्रेसला नारळ, फ्रीजरलासुद्धा हळदकुंकू लागलं. पेढे वाटले. मी कागदाच्या आत बसून सगळं ऐकत होतो आणि खरं सांगतो, थोडा रुसलो होतो. ज्याच्यावर एवढी भिस्त, त्याला फूल नाही की पाकळी नाही!

तेवढ्यात कागद उघडला. समोर हिरव्या साडीतल्या, नाकात नथ घातलेल्या बाई. परशुरामांची बायको, जनाबाई. समईत घालायला घरून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या होत्या. इकडेतिकडे बघून त्या आमच्याशी अगदी हळू बोलल्या.

"तुमचेपायी माजा नवरा महिनाभर नीट जेवला नाय. नवी होरी पान्यात घालताना तिला तेल लावतो आमी, तिची पूजा करतो. तुमी आता परीक्षेला चाललाव, तुमाला तशेच कसे पाठवू?"

आणि त्यांनी बोट बुडवून आम्हा पाचही जणांच्या दोन्ही टोकांना तेल लावलं. मग शीलामॅडम रागावतील असं वाटलं असावं, म्हणून पदराने पुसलं, कागद होता तसा गुंडाळला आणि हात जोडले. काळ्या अंगावर काही दिसेनासं झालं.

मी काय केलं? मी खूश झालो! माझ्यासारख्या तुटायला निघालेल्या पट्टीशी इतक्या मायेने कोणी बोललं नव्हतं. गोंदाचा विचार मनात सुद्धा आला नाही. म्हणजे या चुकीत मीही सामील आहे, हे इथेच कबूल करून टाकतो.

दसऱ्यानंतर शीलाने कागद उघडला, आपणच सगळं पुसून ठेवलंय या भरवशावर पुन्हा पुसलं नाही आणि आमच्या टोकांना धरपट्ट्या चिकटवल्या. तीन दिवसांनी आनंदशेठच्या टेंपोतून आम्ही निघालो. मुंब्रा, शीळफाटा, आणि तिथून डोंबिवली. टेंपोच्या धक्क्यांनी डब्यात आम्ही पाच जण एकमेकांवर आपटत होतो. एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांचा तो सुप्रसिद्ध वास आला तेव्हा परशुराम शीलाला म्हणाले, "आलो वाटतं."

तपासणीशाळेतलं ओढयंत्र पुरुषभर उंच. वर एक जबडा, खाली एक जबडा आणि बाजूला भली मोठी तबकडी, तिच्यावर काटा. यंत्र चालवणारे पोपटराव शांत गृहस्थ. त्यांनी एक नंबरला जबड्यांत धरलं आणि बटण दाबलं. काटा चढू लागला. अर्धा टन. पाऊण टन. एक टन. मी डब्यातून ओरडत होतो, शाब्बास, अजून, अजून! आणि सव्वा टनाला फटकन आवाज आला.

एक नंबर तुटलाच नव्हता. त्याची धरपट्टी सुटली होती. अंग अख्खं आणि टोक उघडं, असा तो जबड्यातून लोंबत होता.

दोन नंबरचं तेच झालं. तीन नंबरचंही तेच. तपासणीसाहेब पुढे झाले आणि सुटलेल्या टोकावरून त्यांनी बोट फिरवलं. मग ते बोट अंगठ्यावर चोळून सगळ्यांना दाखवलं.

"तेल," ते म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? पाण्याऐवजी मशीनचं तेल सोडलंय यांनी. तीस वर्षांची सवय आहे ती, जाणार कशी?"

"साहेब, मी फकस्त पानी वापरला," परशुराम म्हणाले.

"मग हे आलं कुठून?"

शीलाने परशुरामांकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. ती नजर वळली ना, तिथे परशुराम खचले. मी डब्याच्या तळाशी तडफडत होतो. अरे, खोबरेल आहे ते खोबरेल! पण पट्टीला तोंड कुठे असतं! साहेबांनी तपासणी थांबवली. माझी पाळी आलीच नाही. इतका जवळ येऊन मी न तुटता परत निघालो, आणि ज्या माणसाने मला घडवलं त्याच्यावर खोटेपणाचा ठपका ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवशी परशुराम कामावर आले नाहीत. आल्या त्या जनाबाई. बाजारातून तशाच, मासळीची रिकामी पाटी काखेत. थेट शीलाच्या टेबलापाशी.

"बाय, ते तेल मशीनचा नाय. मी लावलाय. खोबरेल."

शीला चटकन उभी राहिली. जनाबाईंनी सगळं सांगितलं. रात्री नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, पट्ट्यांना तेल लागलं होतं, माझ्यावर आलंय. ते ऐकून जनाबाईंनी त्याला तिथेच सगळं सांगून टाकलं.

"काय म्हणाले काका?" शीलाने विचारलं.

"म्हनाला, तू कारखान्यात जाऊ नको. तुला सगली हसतील. माजा नाव गेला तर गेला." जनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हनून तर आली."

आनंदशेठ केबिनच्या दारात उभे राहून ऐकत होते. ते सावकाश म्हणाले, "वहिनी, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण साहेब म्हणतील, नवऱ्याला वाचवायला बायको बोलतेय. तेल ते तेल, त्यात काय ओळखायचं?"

जनाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की केबिनच्या दारात आनंदशेठ लहान दिसायला लागले.

"वलखायचा नाय? थंडीत खोबरेलाची बाटली थिजते का नाय तुमच्या घरान? तुमच्या मशीनचा तेल थिजतो का?" आणि त्यांनी सरळ फ्रीजरकडे बोट दाखवलं. "ठेवा त्याच्यान!"

शीलाचा चेहरा असा उजळला! तिने साहेबांना फोन केला आणि इतकं भरभर बोलली की पलीकडून साहेबांना दोनदा "सावकाश" म्हणावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "दुपारी येतो. माझ्यासमोर करा."

साहेब आले. परशुरामांनाही घरून बोलावून आणलं होतं, ते मागे खांबाला टेकून उभे. शीलाने डब्यातून काढलं कोणाला? मला! सुरीने माझ्या एका टोकाची धरपट्टी उचकटली. खाली तेलकट डाग होताच. दुसऱ्या एका कोऱ्या काळ्या तुकड्यावर तिने लेथच्या डब्यातलं तेल लावलं. दोघांना दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद केलं, म्हणजे वरून दव धरून फसगत नको. आणि आम्ही गेलो फ्रीजरमध्ये.

अर्धा तास! बाहेर चहा आला. साहेब प्यायले, आनंदशेठ प्यायले. जनाबाईंनी कपाला हात लावला नाही. मी आत गारठत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना करत होतो की थीज बाबा, थीज.

झाकण उघडलं. शीलाने दुसरी पिशवी आधी काढली. मशीनचं तेल जसंच्या तसं ओलं चकचकीत. मग मला काढलं. माझ्या काळ्या टोकावर पांढरा ठिपका धरला होता, पातळ पण स्पष्ट, मेणासारखा. साहेबांनी चष्मा वर केला, माझ्या टोकावर बोट ठेवलं आणि ते तसंच धरून ठेवलं. त्यांच्या बोटाच्या उबेने ठिपका विरघळला. त्यांनी बोट नाकाशी नेलं. खोबरेलाचा वास ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

"पुन्हा तपासू," साहेब म्हणाले.

"चूक माझी आहे," शीला लगेच म्हणाली. "चिकटवायच्या आधी मी दुसऱ्यांदा पुसायला हवं होतं. अहवालात तसं लिहिते." मग ती वळून खांबापाशी गेली. "आणि काका, त्या दिवशी डोंबिवलीला मी तुमच्यावरून नजर वळवली. तेही चुकलं माझं."

परशुरामांनी खिशातून दोरा काढला आणि माझ्या कडेवरून एकदा ओढून पाहिला. दोरा सुळकन गेला.

पुढचे चार दिवस नुसती धांदल! परशुरामांनी त्याच शीटमधून तीन नवे नमुने कापले. शीलाने आम्हा सगळ्यांना एकदा पुसलं, दोनदा पुसलं, तिसऱ्यांदाही पुसलं आणि मगच नव्या धरपट्ट्या चिकटवल्या. दिवाळीआधी आठवडाभर पुन्हा टेंपो, पुन्हा शीळफाटा, पुन्हा तो वास. या वेळी जनाबाईही आल्या होत्या. त्यांनी हात पदरात घट्ट गुंडाळून धरले होते, चुकून सुद्धा कोणाला लागायला नको म्हणून.

आणि साहेब म्हणाले, "आधी चार नंबर लावा. गेल्या वेळी त्याची पाळी राहिली होती."

माझं नाव घेतलं हो साहेबांनी!

जबड्यांनी मला वरून खालून धरलं. काटा हलला. अर्धा टन, छान वाटत होतं. एक टन. सव्वा टन, इथेच तिघांची फजिती झाली होती, धरपट्टी घट्ट! परशुरामांनी डोळे मिटले. दीड टन. दोन टनांना माझ्या आत कुठेतरी टिक् झालं. मग पुन्हा टिक्. आठही थर आपापल्या जागी दात आवळून उभे होते. अडीच टन! शीलाने आनंदशेठचा हात दाबला. मला थांबवतच नव्हतं. दोन टन सहाशे. दोन टन सातशे. कार्बनच्या धाग्याला जे सांगायचं असतं ते सगळं एका क्षणात सांगून टाकायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन टन आठशे तीस किलो, आणि धाड!

आवाज इतका मोठा झाला की बाहेरचा वॉचमन आत धावत आला. मी दोन झालो होतो, बरोबर मधोमध.

साहेबांनी दोन्ही तुकडे उचलले, भिंगाखाली माझ्या कडा पाहिल्या. कडेपासून चीर गेली असती तर कापणीचा दोष. कड शाबूत होती. त्यांनी भिंग ठेवलं आणि टाळी वाजवली. मग परशुरामांपुढे जाऊन म्हणाले, "पुढच्या सहाशे पट्ट्या तुम्हीच कापा. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका." परशुरामांनी टोपी काढून घाम पुसला, आणि जनाबाईंना तेव्हा रडू आवरलं नाही. माझ्या मागून लावलेले चारही जण अडीच टनांच्या पुढे गेले, पण आकड्यात माझ्या पुढे कोणी गेलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय.

माझा वरचा अर्धा भाग शीलाने अहवालाला चिकटवला. खालचा तिने परशुरामांच्या हातात ठेवला. त्या सहाशे पट्ट्या परशुरामांनी कापल्या, प्रत्येकीवरून दोरा ओढून पाहिला, आणि दीड वर्षाने ते मानाने निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला चकतीवर धरलं, तुटलेलं टोक सरळ कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि खिशात घालून घरी नेलं.

आता १९९८ साल चालू आहे. मी कोळीवाड्यात त्यांच्या ओट्यावर असतो. जाळं विणताना प्रत्येक गाठीतलं अंतर सारखं यावं म्हणून मधे एक पट्टी धरतात, ती मी. दोरा माझ्याभोवती फिरतो, गाठ बसते, मी सरकतो, पुन्हा दोरा. खंडेनवमीला जनाबाई मला हळदकुंकू लावतात आणि खोबरेलाचं बोटही. लावताना नवऱ्याकडे बघून हसतात. परशुराम म्हणतात, "लाव, लाव. आता याला काय चिकटवायचा नाय."

तुम्हाला एकच विनंती. मायेने लावलेलं तेलही एकदा पुसून बघा. आणि कोणाच्या हातावर ठपका ठेवण्याआधी अर्धा तास थांबा.

बाकी माझं उत्तम चाललंय. त्या कापलेल्या कडेवरून नायलॉनचा दोरा दिवसातून हजार वेळा जातो. पाच वर्षं झाली, अजून एकदाही अडकलेला नाही.